डाव्या नाकपुडीचे दोन फोटो

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरनं टॉर्च डाव्या नाकपुडीवर धरला, तोंड वाकडं केलं आणि बाजूच्या कारकुनाला एकच शब्द सांगितला. त्या शब्दाच्या आधीचा मी वेगळा आणि नंतरचा वेगळा. शब्द: अनफिट.

भरतीच्या धावण्यात पहिल्या टोळीत होतो. लेखी पास. उंची बरोबर, छाती बरोबर, डोळे बरोबर, पायाचे तळवे बरोबर. अडकलो कुठं, तर नाकात. मधला पडदा वाकडा आहे म्हणे, डावीकडून हवा जात नाही. मी म्हणालो, सर, आत्ता तर तुमच्या मैदानावर पळून आलो, हवा कुठून जात होती? तो म्हणाला, तोंडातून. पुढचा ये.

गोलू फिट. गोलू म्हणजे लाखनीच्या हायवेवर रोज पहाटे माझ्यासोबत ट्रकच्या धुळीत पळणारा गोलू, ज्याला मी अर्ध्या रस्त्यातून ओढत आणतो तो. नागपूरहून येताना बसमध्ये त्यानं खिशातून पेढा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. मी त्याच्या खिशात हात घालून काढला आणि खाल्ला. पेढ्यावर कायले राग.

रिव्ह्यू, म्हणजे फेरतपासणी, मिळतो. अर्ज टाकून आलो. नाकाचा सीटी स्कॅन काढायचा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा कागद घ्यायचा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत त्याच टेबलासमोर उभं राहायचं.

मृ.ला सांगितलं नाही अजून. तिच्या बाबांना सरकारी नोकरीवाला जावई पाहिजे. मला मृ. पाहिजे. मध्ये नाक कुठून आलं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा खूश आहेत. बोलत नाहीत, पण चहा बशीत ओतून फुंकर न मारता पिऊन राहिले, म्हणजे खूशच. आमचं कृषी केंद्र आहे, खत, बियाणं, फवारणीची औषधं. मी गल्ल्यावर बसावं हीच एक इच्छा. आज म्हणाले, "कॉलेज तू सोडलं. आता भरतीनं तुले सोडलं. दुकान कोनालेच सोडत नाही." 

मी म्हणालो, तिथं एन्ड्रिनसारख्या विषांच्या वासात बसायला नाक बंदच असलेलं बरं, म्हणून बसवून राहिले का? आईनं मध्ये ताट ठेवलं. जोरात ठेवलं.

कॉलेज सोडलं त्याचं इथं लिहून ठेवतो, पुन्हा लिहिणार नाही: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सोडलं, रागात सोडलं, पस्तावा नाही. एकच नुकसान झालं. प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावर मृणाल होती, ती शेजारी राहिली नाही. तिनं पुढं एक्स-रे सीटीचा डिप्लोमा केला. आता भंडाऱ्याला एका सेंटरवर सीटीची मशीन चालवते. मी चौकात उभा राहून तिच्या बसची वाट पाहतो. आपापलं करिअर.

संध्याकाळी फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. विचारलं, रात्री झोपेत तोंड उघडं राहते का? मी म्हणालो, मला काय माहीत, मी तर झोपलेला असतो. मग हसली. सोमवारी ये म्हणाली.

अनफिट झालो तरी आजचा दिवस बरा होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्कॅन झाला. पण कसा झाला ते लिहितानाही कान गरम होऊन राहिले.

बाबा सोबत आले. नको म्हणालो होतो, तरी दुकानाला कुलूप लावून आले. आता बाबांचं एक आहे. कोणत्याही कामाला निघायच्या आधी नाकाखाली बोटाची मागची बाजू धरतात आणि कोणता स्वर चालू आहे ते पाहतात. डाव्या नाकपुडीतून श्वास मोकळा येत असेल तर घरातली शांत कामं करायची. उजवीतून येत असेल तर कोर्ट, परीक्षा, बाजार, भांडण. स्वर उलटा असेल तर उंबरा ओलांडत नाहीत. एकदा बियाण्यांच्या कंपनीचा माणूस दुकानात ताटकळत बसला आणि हे घरात एका कुशीवर आडवे, स्वर बदलायची वाट पाहत. 

सेंटरवर नंबर लावला आणि त्यांनी सगळ्या लोकांसमोर माझ्या नाकाखाली बोट धरलं. मान हलवली. डावा चालू हाय, अशात मशीनमधी जायचं नाही. मग मला बाकावर डाव्या कुशीवर निजवलं आणि स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून डाव्या काखेत दाबून दिला. अशानं उजवा स्वर सुरू होतो म्हणे. त्यांचे वडील असंच करत, त्यांचे वडीलही.

मी उठून जाणार होतो. पण माणूस दुकान बंद करून आला होता. आणि चेहऱ्यावर असं काही होतं की, जाऊ दे. निजलो.

तेवढ्यात मृ. दारात आली. पांढरा कोट, केस बांधलेले, हातात यादी. नाव दुसऱ्याचं पुकारलं, पण पाहिलं मला. तिच्या राज्यात मी पहिल्यांदा आलो तो असा, बाकावर आडवा, काखेत बापाचा दुपट्टा. तिनं यादी तोंडासमोर धरली. हसत होती. यादी हलत होती.

चांगला अर्धा-पाऊण तास तसाच पडून होतो. नंबर आला तेव्हा बाबांनी परत बोट धरलं आणि म्हणाले, आता कसा उजवा फडफडून राहिला, जा. जसा काही शिकार मारायला चाललो.

आत थंड. कडं काढलं, साखळी काढली. डोकं खोबणीत ठेवलं, तिनं कपाळावर पट्टा लावला. काचेपलीकडे जायच्या आधी म्हणाली, "गिळू नको. हलू नको. श्वास नेहमीसारखा घे." 

तिचं बोट अजून कपाळावर, आणि श्वास नेहमीसारखा घे म्हणते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फिल्म आणि रिपोर्ट आणले.

बसमध्ये खिडकीला फिल्म लावून पाहिली. माझं डोकं, पुढून पातळ पातळ काप केलेलं, ओळीनं मांडलेलं. हाड पांढरं, मांस करडं, हवा काळी. काल मृ.नं फोनवर समजावलं होतं, काळं जिथं आहे तिथून श्वास. उजवीकडे चांगली काळी वाट. डावीकडे शिवायच्या दोऱ्याएवढी काळी रेघ, काही कापांत तीही नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलंय, पडदा डावीकडे वाकलेला, डावीकडचं टर्बिनेट, म्हणजे आतली मांसाची घडी, फुगलेलं, डावी वाट बरीच अरुंद. सही कुण्या डॉक्टरची. मृ.ला विचारलं तर म्हणाली, लिहिणारे वेगळे, मी फक्त फोटो काढते.

म्हणजे तो टॉर्चवाला खरा.

शेजारचा म्हातारा फिल्मकडे पाहत होता. कोन हाय? म्हणे. मी म्हणालो, मीच. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फिल्मकडे, आणि म्हणाला, इथं बरा दिसतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गोलूनं डोकं चालवलं. म्हणाला, मशीन तुझ्या मृ.च्या हातात आहे ना बे, मग एखाद्या सरळ नाकवाल्याला झोपवायचं आणि वर नाव तुझं टाकायचं. नाकाच्या हाडावर कुठं आधार कार्ड असते?

मला पटलं. तेव्हा पटलं.

भंडाऱ्याला गेलो. सेंटरसमोरच्या टपरीवर तिला बोलावलं, चहा सांगितला, आणि सांगितलं. एवढं एकच कर म्हणालो, आपल्या दोघांसाठी. तिनं ऐकून घेतलं. ग्लास उचललाच नाही.

"माह्या मशीनवर नाव एकाचं आन डोकं दुसऱ्याचं? तू फोटो मागून राहिला का माही नोकरी मागून राहिला?"

मी म्हणालो, कोणाला कळते? ती म्हणाली, मला. आणि यापुढं आलास तर पेशंट म्हणून ये, नंबर लावून. गेली. चहा तसाच, वर साय धरली.

जिच्यासाठी दोन वर्षं हायवेवर तंगड्या तोडल्या तिला एक फोटो जड झाला. करणारी असती तर केलं असतं. मी चुकलो नाही. मी चुकलो नाही.

(दुसरं वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

२२ नोव्हेंबर, शनिवार

फोन उचलत नाही. मेसेजवर एक टिक.

बाबा विचारतात फिल्ममध्ये काय निघालं. काही नाही म्हणालो. काय सांगू, तुमचा उजवा, सूर्य स्वर घेऊन आत गेलो आणि डावी वाट गायब निघाली?

आज पळालो. तोंडाला दुकानातली पेट्या बांधायची चिकटपट्टी लावली आणि पळालो. तलावाच्या पाळीवरून थेट सांडव्यापर्यंत आणि परत. नाकानं. फक्त नाकानं. सगळीकडे धानाचं चुरणं चालू आहे, मळणीचा भुसा हवेत, डोळ्यांत पाणी, छाती फुटायला आली, पण पट्टी काढली नाही. खळ्यावरचा शामराव काका बांबूची कामठी टेकवून उभा राहिला. म्हणाला, काय रे पोट्ट्या, मौन धरलं का? मी हात हलवला. तो म्हणाला, मंग माह्या बायकोलेही शिकवजो.

परत आल्यावर पट्टीसोबत मिशीचे केस गेले. पण मी पळालो. फिल्म म्हणते वाट नाही. मग मी गेलो कुठून?

फोटो खोटा की मी खोटा. दोघांपैकी एक जण आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज डॉक्टर मॅडमकडे गेलो. कान-नाक-घसावाल्या, भंडाऱ्याच्याच. केस पिकलेले, आवाज बसलेला, पेशंटच्या आधी स्वतःच खोकतात. बाबा परत सोबत. 

मॅडमनी आधी नाकात पाहिलं, आरशाच्या उजेडानं, दोन्हीकडे. मग फिल्म लावली. मग परत नाकात पाहिलं. म्हणाल्या, वाकडं आहे, पण थोडं. सरळ नाक मला कुठं रोज दिसते. नाक सांगतं ते आणि फोटो सांगतो ते जुळत नाही. फोटोच्या दिवशी सर्दी होती?

नव्हती.

फोटोच्या आधी काय करत होतास?

काही नाही, बाकावर पडलो होतो.

कसा?

मी बोलायच्या आधी बाबा बोलले. छाती काढून बोलले. "डाव्या कुशीवर, मॅडम. म्याच निजवलं. काखेत दुपट्टाही देल्ला. उजवा स्वर चालावा म्हून."

मॅडमनी पेन खाली ठेवला. हसल्या नाहीत, हे मी त्यांचं आयुष्यभर मानीन. हातानं दाखवून समजावलं की नाकाच्या आतलं मांस पाळीपाळीनं फुगतं, कधी डावं, कधी उजवं, सगळ्यांचंच, निरोगी माणसाचंही. आपल्याला कळत नाही एवढंच. आणि ज्या कुशीवर निजाल ती खालची बाजू मिटते, वरची उघडते. काखेत दाबलं तरी तेच. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमचा स्वर खोटा नाही. पण तुम्ही याची डावी बाजू नीट बंद केली, आणि मग तिचाच फोटो काढून आणला."

बाबांचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला आणि मध्येच थांबला.

बाहेर कोणाचं तरी लेकरू रडून राहिलं होतं.

मॅडम म्हणाल्या, फोटो खोटा नाही, त्या घटकेपुरता खरा आहे. हाड किती आडवं येतं आणि मांस किती फुगलंय हे वेगळं काढायचं असेल तर थेंब टाकून मांस उतरवायचं आणि मग फोटो. पुन्हा पुन्हा स्कॅन मी सांगत नाही, ती किरणं काही प्रसाद नाही. पण तुझी नोकरी अडली आहे, लिहून देते. 

मी ऑपरेशनचं विचारलं. त्या म्हणाल्या, पडदा सरळ करता येतो, पण तुला त्रास काय आहे? मी म्हणालो, अनफिटचा. त्या म्हणाल्या, ते मला नाकातून काढता येत नाही. मी ऑपरेशन नाकाचं करते, फोटोचं नाही.

बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. मीही बोलावलं नाही.

माझ्या बापानं माझी भरती एका दुपट्ट्यात गुंडाळली. आणि मृ.जवळ मी खोटा फोटो मागायला गेलो, कशासाठी? जे खरं नव्हतंच ते लपवायसाठी. 

वही मिटतो. बस.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बाबा स्वर न पाहता दुकानात गेले. आई म्हणाली, लग्नापासून पहिल्यांदा. चष्मा घरी विसरले, मी नेऊन दिला नाही.

आई म्हणाली, तुह्यासाठीच केलं ना रे त्यानं. मी भडकलो. माझ्यासाठीच सगळे माझं वाटोळं करून राहिले म्हणालो. कोणी माझ्यासाठी काही करू नका, एवढं माझ्यासाठी करा.

आई म्हणाली, बरं, मंग भाकर तरी आपल्या हातानं थाप. थापली. जळली. खाल्ली.

संध्याकाळी बाबा आले. दारातच उभे राहिले. मी पायात बूट चढवत होतो. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्या स्वर पाहनं सोडत नाही. माह्या बापाचं हाय ते. पन तुह्या नाकाखाली बोट नाही धरनार आता."

उठलो. चष्मा नेऊन दिला. घरातल्या घरात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा स्कॅन. एकटा गेलो. बाकावर ताठ बसलो, दोन्ही बाजूंना न कलता, पोलीस पाटलासारखा. नाकात थेंब टाकले. कडू, घशात उतरले.

मृ.नं नाव पुकारलं. पूर्ण नाव, आडनावासकट. विचारलं, वय? मी म्हणालो, तुझ्याहून चार महिने मोठा. तिनं परत विचारलं, वय? सांगितलं.

कपाळावर पट्टा लावला. बोट लागलं नाही. "गिळू नका. हलू नका." 

नका. 

मशीन फिरत होती आणि मी तोच 'का' ऐकत होतो. असा शब्द मारते माणसाला, हे मला भरतीवाल्यांनी शिकवलं होतं, तरी.

फिल्म संध्याकाळीच मिळाली. डावीकडे काळी वाट आहे. सगळ्या कापांत आहे. उजवीएवढी रुंद नाही, पुढच्या बाजूला जिथं हाड वाकतं तिथं चिंचोळी होते, धानाच्या काडीएवढी. पण तुटत नाही. रिपोर्ट म्हणतो, पडदा किंचित वाकलेला, वाट दोन्हीकडे मोकळी.

दोन्ही फिल्म एकाच्या शेजारी एक खिडकीला लावल्या. दोन्हींवर माझंच नाव. दोन्हीत मीच. वरची कवटी अगदी सारखी, तसूभर फरक नाही. बदललं ते फक्त मांस.

पहिली फिल्म फाडून टाक, गोलू म्हणतो. नाही. दोन्ही नेणार. आता मला कोणताच फोटो लपवायचा नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मृ.नं स्वतः फोन केला. भंडाऱ्याच्या स्टँडवर ये, लाखांदूरची बस आहे, ती लागेतोवर बोलू.

पोहोचलो. बॅग पायाजवळ, ओढणी डोक्यावरून. घरी चालली होती. उद्या पाहुणे येणार म्हणाली. तिला पाहायला. मुलगा तहसीलमध्ये आहे.

मी लगेच म्हणालो, नाही म्हणून सांग. तिनं विचारलं, काहून? मी म्हणालो, शुक्रवारी माझा रिव्ह्यू आहे. फिट झालो की तुझ्या बाबांसमोर येऊन उभा राहतो. ती माझ्याकडे पाहत राहिली. बाजूला कंडक्टर तिकिटाच्या मशीनला थापड्या मारून राहिला होता.

"मले वर्दीवाला पायजे असं मी कवा म्हटलं?" ती म्हणाली. "ते बाबा म्हणतात. मले काय पायजे हे तू कधी विचारलंच नाही. इतक्या दिवसांत मले एकच गोष्ट मागतली, तेही नकली फोटो."

मी म्हणालो, चुकलो. तिनं बॅग उचलली, म्हणून परत म्हणालो, चुकलो म्हटलं ना, आता काय पाया पडू इथं? आवाज मोठा झाला. एका म्हातारीनं पिशवी उचलून जागा बदलली. मृ. हसली. मग डोळे पुसले, मग परत हसली.

मी विचारलं. खरंच विचारलं, पहिल्यांदा. काय पायजे तुला?

म्हणाली, लग्नानंतर मशीन सोडणार नाही, तुझी कुठंही बदली झाली तरी. आणि रागात घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी माझ्या नावावर टाकायचा नाही. आज तू 'तुझ्यासाठी' म्हणून पळतोस, उद्या हरलास तर 'तुझ्यामुळं' म्हणशील. पळायचं तर स्वतःसाठी पळ.

बस लागली. चढताना म्हणाली, "मी थांबते असं लिहून देत नाही. पन उद्या कोनाले हो म्हननार नाही."

बस हालली तोवर मी तिथंच. नंतरही.

३ डिसेंबर, बुधवार

मंगळवारचं काही कळलं नाही. तिनं विचारू नको म्हटलेलं नाही. तरी विचारत नाही. शिकून राहिलो.

इकडे सगळ्यांचं एकच. ऑपरेशन करून टाक. मोठा मामा लाखनीला खत न्यायला आला तर खत सोडून माझंच नाक धरून बसला. म्हणे, फाडा, सरळ करा, टाका मारा, बाहेरून कोण पाहते. गोलू म्हणतो, रिव्ह्यूवाल्यांना सांग मी ऑपरेशनला तयार आहे, ते खूश होतात. सांगायला काय जाते?

माझं नाक जाते.

बरं, माझ्या शरीरात काही बिघडलं असतं तर कापलं असतं, भ्यायचं नाव नाही. पण हे नाक चालतं. मी त्याच्यावर पळालो आहे. कुणाच्या कागदावरची रेघ सरळ दिसावी म्हणून माझ्या तोंडावर सुरी?

मामाला हेच सांगितलं. तो बाबांना म्हणाला, दाजी, तुमी तं सांगा. बाबा युरियाची गोणी शिवत होते. म्हणाले, मी त्याच्या नाकात बोलत नाही. नाक त्याचं हाय.

मामाला हे उत्तर कळलं नाही. मला कळलं. गोणीचं दुसरं टोक धरलं.

५ डिसेंबर, शुक्रवार. नागपूर

बाहेरच्या बाकावर बसून लिहून राहिलो. आत अजून माझंच चालू आहे. नंतर लिहिलं तर रंगवून लिहीन, म्हणून आताच.

टेबलाला तिघं. मधले मोठे डॉक्टर, टॉर्चवाले नाहीत, दुसरे, शांत. एक तरुण डॉक्टर. एक कारकून. दोन्ही फिल्म ठेवल्या, मॅडमचा कागद ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही खिडकीशी धरल्या. बराच वेळ पाहिल्या.

यातला खरा फोटो कोणता, म्हणाले.

दोन्ही माझेच, सर.

मग पहिला असा का आला ते सांगितलं. बाक, कूस, दुपट्टा, सगळं. बाबांचं नाव झाकलं नाही, पण हसू येईल असंही सांगितलं नाही. कारकून तरी हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो कागदात गेला.

डॉक्टर म्हणाले, समजलं. पण हा दुसरा फोटो औषध टाकून काढलेला आहे. ड्यूटीवर डोंगरात रोज तुझ्या नाकात थेंब कोण टाकणार?

प्रश्न बरोबर होता. राग आला, पण प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, सर, आज थेंब नाहीत, काल नाहीत, परवाही नाहीत. कोणत्या कुशीवर झोपलो तेही आठवत नाही. फोटो बाजूला ठेवा आणि आत्ता पाहा. 

त्यांनी तरुण डॉक्टरला खूण केली. त्यानं जीभ दाबायची स्टीलची पट्टी नाकाखाली आडवी धरली. तोंड बंद, म्हणाला. मी श्वास सोडला. 

पट्टीवर वाफेचे दोन डाग उठले. आम्ही चौघं त्या दोन डागांकडे पाहत होतो. उजवा चांगला रुपयाएवढा. डावा त्याच्या निम्मा. हळूहळू विरायला लागले.

तरुण डॉक्टर म्हणाला, "डावा छोटा आहे."

मी म्हणालो, "छोटा आहे, सर. पण आहे."

मोठ्या डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला. मग एक छापील कागद पुढं सरकवला. म्हणाले, यावर सही कर की पडद्याचं ऑपरेशन करून घेशील. मग पुढच्या भरतीत तुला परत संधी, हा अनफिटचा शेरा आड येणार नाही. सही केली नाहीस तर आज जे पाहिलं त्यावर आम्ही ठरवू, आणि ते शेवटचं. नीट विचार कर. बाहेर कोणी असेल तर विचारून ये.

बाहेर कोणी नव्हतं. कोणाला विचारायचं तर फोन होता. मामा काय म्हणाला असता माहीत आहे. गोलू काय म्हणाला असता माहीत आहे. लावला नाही.

सही केली की एक वर्ष सुरक्षित. सगळे शांत. तिच्या बाबांनाही सांगता आलं असतं, पुढच्या वर्षी नक्की. पेन समोर होता. उचललाही, खोटं कशाला लिहू.

मग परत ठेवला आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"जे बंद नाही ते मी कापून घेणार नाही, सर. तुम्ही आजचंच पाहून ठरवा."

आवाज चढला नाही. मलाच नवल वाटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं आम्ही दुकानात बी हातावर घेऊन पाहतो तसं. रागावले की नाही कळलं नाही. फिल्म इथंच राहू दे म्हणाले, दोन्ही. बाहेर थांब. नाव पुकारू.

मी दोन्ही फिल्म सरळ करून टेबलावर ठेवल्या, उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.